परदेशात जादा सामान ठेवायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामान ठेवायला जागा जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात मिळते. घोळ होतो तो परत घेताना. काउंटर रात्री नऊला बंद होतो आणि गाडी दहाची असते. लॉकर स्टेशनच्या एका टोकाला असतो आणि आपण दुसऱ्या. कधी पावती त्याच बॅगेच्या कप्प्यात राहिलेली असते. म्हणून खालची उत्तरं मुद्दाम त्या बाजूने लिहिली आहेत: बॅग हातात परत कशी येईल, हे आधी.

जागा शोधायला सुरुवात कुठून करायची?

शेवटाकडून. त्या दिवशी शहरातून शेवटी कुठून निघणार आहात ते आधी धरा: विमानतळ, रेल्वे स्टेशन, बस टर्मिनल, की पुन्हा त्याच हॉटेलवर झोपायला येणार. बॅग त्या जागी किंवा तिकडे जायच्या वाटेवर ठेवा. बहुतेक जण उलट करतात. जिथे उतरले तिथला पहिला लॉकर पकडतात, दिवसभर शहराच्या दुसऱ्या टोकाला फिरतात आणि संध्याकाळच्या गर्दीत फक्त बॅगेसाठी मागे येतात.

लंडन किंवा पॅरिससारख्या शहरात हे जास्तच नडतं, कारण तिथे दिशेप्रमाणे स्टेशनं वेगळी आहेत. दक्षिण फ्रान्सहून येणारी जलद गाडी पॅरिसला गार द लियोंवर सोडते आणि लंडनची युरोस्टार सुटते गार द्यू नॉरहून. मधल्या सहा तासांसाठी बॅग ठेवायची असेल तर ती गार द्यू नॉरला ठेवावी. सकाळी एक मेट्रो प्रवास बॅगेसकट होतो खरा, पण तेव्हा अंगात जोर असतो आणि घड्याळाकडे बघायची वेळ आलेली नसते.

मग वेळ बघा. जागा किती वाजता उघडते यापेक्षा किती वाजता बंद होते हे महत्त्वाचं, आणि रविवारी किंवा सणाच्या दिवशी काय, हेही. ‘२४ तास’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एकदा विचारून घ्या. जागा चोवीस तास उघडी आहे, की एकदा पैसे भरले की चोवीस तास बॅग ठेवता येते? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाटीवर दोन्ही सारख्याच दिसतात.

चेक-आउट सकाळी आणि विमान रात्री. हॉटेलवाले बॅग ठेवून घेतात का?

घेतात, आणि बहुतेक ठिकाणी फुकट. खोली मिळायच्या आधी पोहोचलात तरी घेतात. हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि विचारायचा संकोच करू नका, रिसेप्शनवर रोज पन्नास जण हेच विचारतात.

फक्त बॅग जाते कुठे ते बघा. चांगल्या ठिकाणी बॅगेला क्रमांकाचा टॅग लावतात, त्याचा फाडलेला तुकडा तुमच्या हातात देतात आणि बॅग कुलूपबंद खोलीत जाते. काही ठिकाणी मात्र रिसेप्शनच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत बॅगांची रास लागलेली असते. तिथे कपड्यांची बॅग ठेवायला हरकत नाही, लॅपटॉपची नको. हॉस्टेलमध्ये सामानाची खोली बहुधा सगळ्या पाहुण्यांना मोकळी असते. कोण कोणाची बॅग उचलतो हे कुणी बघत नाही, त्यामुळे तिथे बॅग मांडणीच्या दांड्याला साखळीने बांधायची सोय ठेवा.

छोट्या हॉटेलात रात्री रिसेप्शनवर माणूसच नसतो, दार कोड टाकून उघडतं. चेक-आउट झालं की तो कोड बंद होऊ शकतो. उशिरा बॅग न्यायला येणार असाल तर ‘त्या वेळी इथे कोण असेल?’ हा एकच प्रश्न विचारा.

हॉटेल नाही, घर भाड्याने घेतलंय. मग?

घरमालकाला बुकिंगच्या वेळीच विचारा, शेवटच्या सकाळी नको. साफसफाईवाले येईपर्यंत बॅग दाराशी ठेवा म्हणणारे बरेच असतात, पण त्याच दुपारी दुसरे पाहुणे येणार असतील तर त्यांचाही नाइलाज असतो. भाड्याच्या घरांमुळेच तर शहराशहरांत बॅगा सांभाळणाऱ्या दुकानांचा आणि ॲपचा धंदा इतका वाढला. त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

स्टेशनवरचे लॉकर वापरायचे कसे? पहिल्यांदाच बघणार आहे.

जपानचं उदाहरण घेऊ, कारण लॉकरची सवय त्या देशाइतकी क्वचितच कुठे दिसते. भिंतभर लोखंडी कप्पे असतात, साधारण तीन-चार मापांचे. सगळ्यात लहान कप्पा जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा, पाठीवरच्या सॅकपुरता. सगळ्यात मोठा जवळपास मीटरभर उंच, त्यात मोठी ट्रॉली बॅग उभी राहते. मोठे कप्पे मोजकेच असतात आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास संपतात. गर्दीच्या मोसमात क्योतोसारख्या स्टेशनवर दुपारी मोठा कप्पा मिळाला तर नशीब.

जुन्या पद्धतीत बॅग आत ठेवायची, शंभर येनची नाणी टाकायची, किल्ली फिरवायची आणि खिशात घालायची. कागदी नोट त्यात चालत नाही, म्हणून सुटे पैसे आधी करून ठेवावेत. नव्या पद्धतीत कप्प्यांच्या मधोमध एक पडदा असतो. बॅग ठेवून दार लावायचं, पडद्यावर भाषा निवडायची, कप्प्याचा क्रमांक बरोबर आहे ना ते बघायचं आणि पैसे भरायचे. सुइकासारख्या प्रवासाच्या कार्डाने पैसे भरले तर तेच कार्ड किल्ली होतं. रोख भरले तर पावतीवर एक पिन किंवा क्यूआर कोड छापून येतो. ती पावती म्हणजेच किल्ली. तिचा फोटो तिथेच काढा. दोघे-तिघे मिळून प्रवास करत असाल तर कोणाच्या कार्डाने पैसे भरले हेही लक्षात ठेवा. ते कार्ड घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या गावी असला तर लॉकर उघडायचा नाही.

दुसरा फोटो लॉकरच्या जागेचा: भिंतीवरचा विभागाचा क्रमांक, शेजारची पाटी, जवळचं दार. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला बाहेर पडायच्या दोनशेहून जास्त वाटा आहेत. ‘त्या जिन्याशेजारी होतं’ एवढ्यावर तिथे काही सापडत नाही.

लॉकरमध्ये किती दिवस ठेवता येतं? मुदत संपली तर बॅग जाते का?

जपानमधल्या बहुतेक स्टेशनांवर तीन दिवस, जर्मनीच्या रेल्वे स्टेशनांवर ७२ तास. नंतर कर्मचारी कप्पा उघडून सामान काढतात आणि दुसरीकडे जपून ठेवतात. ते सोडवायला ओळखपत्र, थकलेलं भाडं आणि वेळ, तिन्ही द्यावं लागतं. बॅग लगेच फेकत नाहीत, पण तुमचं विमान त्याच दिवशी असेल तर जपून ठेवलेली बॅग काय कामाची?

भाड्याचा दिवस कधी बदलतो हे बघणंही गरजेचं. जपानमध्ये बऱ्याच लॉकरचा दिवस तारखेवर चालतो. रात्री दहाला बॅग ठेवून सकाळी आठला काढलीत तर दहाच तास झाले, पण भाडं दोन दिवसांचं. अशा ठिकाणी एका रात्रीसाठी हॉटेलला विचारलेलं बरं.

काही देशांत स्टेशनवर आणि विमानतळावर लॉकरच दिसत नाहीत. का?

स्फोटांमुळे. २९ डिसेंबर १९७५ ला न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर लॉकरच्या रांगेपाशी बॉम्ब फुटला, ११ जण गेले. २ ऑगस्ट १९८० ला इटलीतल्या बोलोन्या स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बेवारस ठेवलेल्या सुटकेसमध्ये स्फोटकं होती, ८५ माणसं मारली गेली. ब्रिटनमध्ये आयर्लंडच्या संघर्षाच्या काळात स्टेशनवरचे आपले आपण वापरायचे लॉकर गेले, आणि २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेतल्या विमानतळांवरचे बहुतेक उरलेसुरले लॉकरही काढले.

त्यामुळे लंडनच्या मोठ्या स्टेशनांवर आज माणसं बसलेला काउंटर असतो आणि बॅग क्ष-किरण यंत्रातून गेल्याशिवाय आत जात नाही. पॅरिसच्या मोठ्या स्टेशनांवर लॉकर आहेत, पण त्यांच्या दाराशी अशीच तपासणी असते. अमेरिकेत अॅमट्रॅक ही रेल्वे कंपनी काही मोठ्या स्टेशनांवर तिकीटधारकांचं सामान सांभाळते, विमानतळांवर मात्र सोय असेलच असं धरून चालू नका.

याच इतिहासामुळे एक गोष्ट कधीही करू नये: ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बॅग कोपऱ्यात ठेवून जाणं. बेवारस बॅग दिसली की परिसर रिकामा करतात आणि कधीकधी बॅग उडवूनही देतात.

ॲपवरून दुकानात बॅग ठेवायची सोय दिसते. भरवसा ठेवावा का?

बाउन्स, स्टॅशर, रॅडिकल स्टोरेज, नॅनीबॅग, लगेजहीरो ही त्यातली ठळक नावं. यांची स्वतःची गोदामं नसतात. किराणा दुकान, छोटं हॉटेल, केशकर्तनालय, कॅफे अशा चालू जागांशी त्यांचा करार असतो. तुम्ही ॲपवर जागा आणि वेळ निवडता, पैसे भरता, दुकानात जाऊन कोड दाखवता आणि दुकानदार बॅग आतल्या खोलीत ठेवतो. भाडं बहुधा बॅगेमागे असतं, बॅग मोठी की लहान याने फारसा फरक पडत नाही. म्हणून दोन लहान पिशव्या एका मोठ्या बॅगेत कोंबून नेल्या तर पैसे वाचतात.

माझं मत: काही तासांसाठी ही सोय चांगली आहे, विशेषतः जिथे लॉकर नाहीत त्या शहरांत. पण एकाच ॲपवरच्या दोन जागांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून ॲपचं नाव बघून नव्हे, त्या दुकानाचे अभिप्राय वाचून ठरवा. त्यातही ‘छान’, ‘मस्त’ वाचू नका. ‘आम्ही आलो तेव्हा दुकान बंद होतं’ हे वाक्य शोधा. दोन-तीन जणांनी तसं लिहिलं असेल तर पुढची जागा बघा.

दुकानात गेल्यावर बॅग कुठे ठेवतात ते तुमच्या डोळ्यांनी बघायला मागा. गिऱ्हाइकांच्या वाटेत ठेवणार असतील तर तिथल्या तिथे बुकिंग रद्द करावं. बॅगेला क्रमांकाचं सील लावून देत असतील तर सीलचा फोटो काढा.

या कंपन्या भरपाईची हमी देतात आणि आकडा ठळक छापतात. त्या आकड्याखालच्या अटी वाचल्या की कळतं, रोख रक्कम, दागिने आणि बरीचशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं त्यातून वगळलेली असू शकतात. शिवाय बॅगेत काय होतं याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवला तर पुढचा वाद निम्मा मिटतो.

विमानतळावर ठेवू की शहरात?

पहिल्या प्रश्नासारखंच: परत कुठून निघणार? शहरात चार दिवस राहून त्याच विमानतळावरून पुढे जायचं असेल आणि एक मोठी बॅग त्या चार दिवसांत लागणार नसेल, तर विमानतळ उत्तम. तिथे काउंटर बहुधा उशिरापर्यंत चालू असतो, तपासणी कडक असते आणि बरेच दिवस ठेवायची सोय असते. भाडं शहरापेक्षा चढं असू शकतं. विमानतळाला अनेक टर्मिनल असतील तर काउंटर कुठल्या टर्मिनलला आहे ते बघून ठेवा, टर्मिनल बदलायलाच कधीकधी अर्धा तास जातो.

तिसरीही एक सोय आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. हाँगकाँगमध्ये शहरातल्या हाँगकाँग स्टेशनवरच काही विमान कंपन्यांचं चेक-इन होतं. विमानतळ एक्स्प्रेसचं तिकीट काढून सकाळी बॅग तिथे सोपवली की ती थेट विमानात जाते आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत मोकळे. सोलच्या मुख्य स्टेशनवरही अशी सोय आहे. तुमची विमान कंपनी त्यात आहे का एवढं आधी तपासा.

विमान बदलायला दहा तास आहेत. बाहेर फिरून यायचं तर सामानाचं काय?

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर चेक-इन केलेली बॅग बहुधा थेट शेवटच्या गावी जाते, तिचा विचारच करू नका. बॅगेच्या टॅगवर तीन अक्षरी कोड असतो. पहिल्या काउंटरवरच तो बघा. शेवटच्या गावाचा कोड असेल तर बॅग मध्ये मिळणार नाही. अमेरिकेत मात्र सहसा पहिल्या विमानतळावर बॅग स्वतः घेऊन कस्टममधून न्यावी लागते आणि मग पुन्हा सोपवावी लागते.

तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅग घ्यायला त्या देशात प्रवेश करावा लागेल, म्हणजे व्हिसाचा प्रश्न आला. सामान ठेवायचा काउंटर इमिग्रेशनच्या आत आहे की बाहेर, हे म्हणूनच महत्त्वाचं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर दोन्हीकडे आहे, सगळीकडे तसं नसतं. हातातली छोटी बॅग ठेवायची असेल तर आतला काउंटर पुरतो.

संग्रहालयाच्या क्लोकरूममध्ये मोठी बॅग ठेवून फिरलं तर?

ही युक्ती आता फारशी चालत नाही. पॅरिसच्या लूव्रमध्ये ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आतच येऊ देत नाहीत. आयफेल टॉवरवर सामान ठेवायची सोयच नाही. रोमच्या कोलोसियममध्ये मोठ्या बॅगा आणि सुटकेस घेऊन जाता येत नाही आणि तिथे क्लोकरूमही नाही. वेळ ठरवून तिकीट काढलेलं असतं, दाराशी रांग असते आणि पहारेकरी बॅगेकडे बोट दाखवून मान हलवतो. स्टेशनवरून थेट अशा ठिकाणी जायचा बेत आखू नका.

बॅग ठेवण्याऐवजी पुढच्या मुक्कामाला पाठवून देता येते का?

काही देशांत हे इतकं सोपं आहे की बॅग ओढत फिरणाऱ्यांची कीव यावी. जपानमध्ये यामातो या कंपनीने १९७६ मध्ये घरपोच पार्सलसेवा सुरू केली, ‘ताक्युबिन’ नावाची. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेल्या तिच्या गाड्या देशभर दिसतात. हॉटेलच्या रिसेप्शनवर फॉर्म भरायचा, पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि तुमच्या मुक्कामाची तारीख लिहायची. बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचलेली असते, लांबच्या ठिकाणी आणखी एखादा दिवस. मधल्या एका रात्रीचे कपडे, औषधं आणि चार्जर पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायचे.

तिथे याला आणखी एक कारण आहे. तोकाइदो, सान्यो आणि क्युशू या शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनच्या मार्गांवर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि २५० पर्यंतची बॅग न्यायची तर २०२० पासून तिच्यासाठी जागेचं वेगळं आरक्षण लागतं. पार्सलसेवेचा कुठला फॉर्म भरायचा ते हॉटेलवाले सांगतात, त्यात डोकं घालू नका.

स्पेनमध्ये सान्तियागोच्या यात्रेवर पायी चालणाऱ्यांसाठी तिथली टपालसेवा कोरेओस हेच काम करते. सॅक एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामी रोज पोहोचवतात, आणि जादा सुटकेस थेट सान्तियागोला पाठवून तुम्ही पोहोचेपर्यंत तिथे सांभाळायची सोयही आहे.

पाठवताना पुढच्या हॉटेलला आधी कळवा आणि बुकिंग ज्या नावावर आहे तेच नाव बॅगेवर लिहा. नवऱ्याच्या नावाचं बुकिंग आणि बायकोच्या नावाची बॅग, यात रिसेप्शनवर हमखास गोंधळ होतो.

ट्रेकला किंवा सफारीला जाताना उरलेलं सामान आठवडाभर कुठे ठेवायचं?

अशा ठिकाणी सामान ठेवून जाणं हा नियमच असतो, विचारायला लाजू नका. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला जाणाऱ्या छोट्या विमानात हातातलं धरून साधारण १५ किलोच नेता येतं, म्हणून काठमांडूचं हॉटेल बाकीची बॅग ट्रेक संपेपर्यंत ठेवून घेतं. पोखऱ्यातही तेच. केनिया आणि टांझानियात सफारीच्या छोट्या विमानांना सहसा १५ किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ हवी, चाकांची कडक सुटकेस नको, कारण विमानाच्या पोटातली जागा वेडीवाकडी असते. कडक सुटकेस नैरोबीच्या हॉटेलात राहते. पेरूत माचू पिक्चूला जाणाऱ्या गाडीत मोठं सामान चालत नाही, लोक कुस्को किंवा ओयान्तायताम्बोच्या हॉटेलात ठेवून जातात.

इथे सांभाळायची बाब एकच: परत आल्यावर पुन्हा त्याच हॉटेलात एक रात्र राहणार असाल तर ते बुकिंग बॅग ठेवतानाच करा. येणाऱ्या पाहुण्याची बॅग जपली जाते. आणि डोंगरातून उतरायला हवामानामुळे दोन दिवस उशीर झाला तरी बॅग सुरक्षित असते. शहरातल्या तीन दिवसांच्या लॉकरला तो उशीर परवडत नाही.

महिना-दोन महिने ठेवायची असेल तर?

मग दैनंदिन भाड्याचा हिशेब सोडा, तो बॅगेच्या किमतीच्या वर जातो. ‘सेल्फ स्टोरेज’ नावाची गोदामं असतात, तिथे छोटी खोली किंवा कपाट महिन्याच्या भाड्याने मिळतं. बहुधा किमान एक महिना घ्यावा लागतो, ओळखपत्र लागतं, कुलूप स्वतःचं लावावं लागतं आणि भाडं कार्डावरून आपोआप जातं. ते कार्ड मध्येच बंद पडलं तर? अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांनुसार भाडं थकलं की, रीतसर नोटीस देऊन, गोदामवाला सामानाचा लिलाव करू शकतो. नोटीस ज्या पत्त्यावर जाईल तिथे तुम्ही नसालच. म्हणून पूर्ण मुदतीचं भाडं आगाऊ भरता येतं का ते विचारा.

शिकायला गेलेले विद्यार्थी सुट्टीत खोली सोडतात तेव्हा चार जणांनी मिळून एक कपाट घेतलं तर स्वस्त पडतं. फक्त करार कोणाच्या नावावर आहे आणि तो माणूस सगळ्यात शेवटी परत येणार आहे की काय, ते आधी बघा.

जादा बॅग सरळ विमानातूनच नेली तर?

कधीकधी तेच शहाणपणाचं. साध्या वर्गात बहुतेक ठिकाणी एका बॅगेला २३ किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही मर्यादा असते. ३२ किलोच्या वरची एक बॅग सहसा घेतच नाहीत, पैसे दिले तरी. उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी तो नियम आहे. जादा बॅगेचे पैसे आधी ऑनलाइन भरले तर विमानतळापेक्षा बरेचदा कमी पडतात. पण प्रवासात चार-पाच स्वस्त विमानं असतील तर प्रत्येक वेळी तीच बॅग पुन्हा पैसे खाते. मग ती पहिल्या शहरात ठेवून, परतताना उचलणं फायद्याचं. अर्थात परत त्याच शहरातून निघणार असाल तरच.

ठेवायच्या बॅगेत काय ठेवू नये?

पासपोर्ट, रोख, दागिने, रोजची औषधं, घराची किल्ली, परत न मिळणारी कागदपत्रं. लॅपटॉप आणि कॅमेरा शक्यतो नको. काही ठिकाणी बॅग परत घेतानाही पासपोर्ट दाखवावा लागतो, तो आतच असेल तर मजा आहे.

पॉवर बँक काढून घ्या. लिथियम बॅटरी तापल्यास पेट घेऊ शकते आणि बऱ्याच ठिकाणी ती ठेवायला मनाई असते. शिवाय पॉवर बँक विमानातही चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७००० एमएएचची, सहसा परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं. ठेवायच्या बॅगेत ती तळाशी राहून गेली की पुढे विमानतळावरही तशीच आत राहते.

नासणारं अन्न आणि ओले कपडेही नकोत. बंद कप्प्यात तीन दिवसांनी काय वास येतो ते शेजारच्या कप्प्यालाही कळतं.

बॅग हरवली किंवा फाटली तर भरपाई कोण देतो?

इथे मोठा गैरसमज आहे. विमान कंपनीच्या ताब्यातल्या बॅगेला मॉन्ट्रियल कराराचं संरक्षण असतं, २८ डिसेंबर २०२४ पासून एका प्रवाशामागे १५१९ एसडीआरपर्यंत. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. पण लॉकरमधल्या, दुकानातल्या किंवा हॉटेलातल्या बॅगेला हा करार लागू नाही. तिथे चालतात त्या जागेच्या अटी आणि त्या देशाचा कायदा. लॉकरवाले बहुधा म्हणतात, आम्ही कप्पा भाड्याने दिला, आतल्या वस्तूंची जबाबदारी घेतली नाही.

प्रवासविम्यात ‘लक्ष न ठेवता सोडलेलं सामान’ हे कलम शोधा. हॉटेलच्या मोकळ्या लॉबीतली रास त्यात मोडू शकते, कुलूपबंद खोली आणि पावती असेल तर बाजू भक्कम होते. चोरी झाली तर लगेच पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, बऱ्याच विमा कंपन्यांना ती २४ तासांतली हवी असते.

बॅगेत माग काढणारा छोटा टॅग ठेवावा. लॉकरच्या लोखंडात तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. पण दुकानदाराने बॅग दुसऱ्याच माणसाला दिली असेल तर ती कुठे निघाली ते कळतं.

दुसऱ्या कुणाची बॅग माझ्या नावावर ठेवू का?

नाही. हॉस्टेलमध्ये दोन दिवस ओळख झालेल्या माणसाचीही नाही. पावतीवर तुमचं नाव आहे, आत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि काउंटरवर यंत्रातून बॅग गेल्यावर प्रश्न तुम्हालाच विचारतील.

परत मिळालेल्या बॅगेत काय तपासायचं?

काउंटर सोडायच्या आधी सील, कुलूप, चाकं आणि बाहेरचे कप्पे बघा. रिकाम्या म्हणून सोडलेल्या कप्प्यांत हात घाला. विमानतळावर ‘बॅग तुम्ही स्वतः भरली का? ती तुमच्या नजरेआड होती का?’ असं विचारलं तर खरं सांगा: होय, अमुक ठिकाणी ठेवली होती, नंतर उघडून तपासली. फार तर पुन्हा तपासणी होईल, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

लॉकरची किल्ली किंवा पावती हरवली तर?

लॉकरवर मदतीचा फोन नंबर लिहिलेला असतो. आधी काढलेला फोटो असेल तर त्यात कप्प्याचा क्रमांक आहेच. नसेल तर बॅगेचा रंग, माप आणि आतल्या दोन-तीन वस्तू सांगाव्या लागतात, ओळखपत्र दाखवावं लागतं आणि किल्ली बदलायचा दंड भरावा लागतो. रात्री उशिरा माणूस येईलच असं नाही, म्हणून शेवटच्या गाडीच्या आधी दोन तास तरी बॅग घ्यायला जा.